वरचा गिअर

‘सर्कस’ हा शब्द मी जितक्या वेळा ऐकला असेन, तितक्या वेळा सर्कसवाल्यांनीसुद्धा ऐकला नसेल. सकाळी भोपाळमधल्या अवधपुरीतून एकचाकी घेऊन बाहेर पडले की पहिल्याच चौकातल्या चहाच्या टपरीवरून सुरुवात होते. “दीदी, दूसरा पहिया कहाँ गया?” हा त्यातला सगळ्यात सभ्य प्रश्न. मग शेजारचा त्याला अस्सल भोपाळी बोलीत विचारतो, “को खां, बेच खाया क्या इन्ने?” आणि ज्याला काहीच सुचत नाही तो नुसता ओरडतो, “सर्कस!” आपल्यालाच हा विनोद जगात पहिल्यांदा सुचला, अशी प्रत्येकाची समजूत असते. हसून हसून त्यांचा चहा सांडतो आणि मी पुढे निघून जाते.

रस्त्यावरच्या लोकांचं एक वेळ सोडून देता येतं. आमच्या मराठी मंडळातल्या शिकल्यासवरल्या माणसांचं काय करायचं? गणेशोत्सव जवळ आला की दरवर्षी फोन येतो. विसर्जनाच्या मिरवणुकीत नऊवारी नेसून, हातात भगवा झेंडा घेऊन ढोलाच्या पुढे मी एकचाकी चालवावी, अशी त्यांची इच्छा असते. “छान आयटम होईल,” असं मंडळाच्या कार्यवाह असलेल्या काकूंनी मला माझ्याच घरात बसून, माझाच चहा पिता पिता सांगितलं होतं. एकचाकीवरून थेट भोजपूरच्या देवळापर्यंत जाऊन परत येणारी बाई त्यांना कौतुकाची वाटत नाही. ढोलापुढे गोल गोल फिरली असती तर वाटली असती. मी नाही म्हटलं तेव्हा त्या म्हणाल्या, “नाहीतरी या वयात गुडघे किती दिवस साथ देणार गं तुझे?” माझं वय पंचेचाळीस. त्यांचा मुलगा माझ्याहून मोठा आहे आणि दर रविवारी क्रिकेट खेळतो. त्याच्या गुडघ्यांची चौकशी कुणी करत नाही.

ही एकचाकी म्हणजे काय, ते आधी सांगते. नाहीतर पुढचा सगळा संताप वाया जाईल. एकचाकीला साखळी नसते. पेडलं थेट चाकाच्या मधोमध बसवलेली असतात, म्हणजे पाय एकदा फिरला की चाक एकदा फिरतं. उतारावर पाय थांबवून वारा खात जावं, हे सायकलवाल्यांचं सुख इथे नाही. पाय थांबला की चाक थांबलं, आणि चाक थांबलं की तुम्ही तोंडावर. म्हणून लांब जायचं तर चाक मोठं घ्यावं लागतं. माझं चाक माझ्या कमरेपर्यंत येतं. तरीही सपाट डांबरी रस्त्यावर पाय नुसते गरागरा फिरत राहतात आणि मुलं साध्या सायकलीवरून शिट्टी वाजवत पुढे निघून जातात.

त्यावर इलाज म्हणजे गिअरचा हब. चाकाच्या मध्यभागी जो गोल डबा असतो त्यात दातेरी चक्रं बसवलेली असतात. मधे एक, आणि त्याच्याभोवती फिरणारी लहान लहान. पेडलच्या दांड्यांच्या मुळाशी दोन्ही बाजूंना एकेक बटण. चालवता चालवता टाचेच्या आतल्या बाजूने उजवं बटण ठोकलं की वरचा गिअर पडतो आणि पायाच्या एका फेरीत चाक जवळजवळ दीडपट फिरतं. डावं ठोकलं की पुन्हा खालचा. मधे एक निमिष असा येतो की दोन्ही गिअर सुटलेले असतात आणि पायाखाली काहीच नसतं. जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं होतं. त्या निमिषात अंग सैल ठेवायचं. घाबरून ताठ झालं की आपटलंच.

असा हब परदेशातल्या एका छोट्याशा कारखान्यात बनतो, मागणी नोंदवली की वर्ष वर्ष वाट बघावी लागते आणि भोपाळमध्ये त्याला हात लावणारा एकही माणूस नाही. म्हणून त्याची देखभाल मीच करते. केरवा धरणाच्या बाजूच्या मुरमाड पायवाटांवर मी खालचाच गिअर ठेवते. तिथे दगड आणि मुळं इतकी असतात की वरच्याचं काम नाही. पण पावसाळ्यात तिथली काळी माती बटणांच्या फटीत जाऊन बसते आणि वाळली की सिमेंट होते. ती दात घासायच्या ब्रशने काढायची, जुनं ग्रीस पुसून नवं भरायचं, बटण आणि दांडी यांच्यात कागद सरकेल एवढीच फट ठेवून बारीक स्क्रू आवळायचा. फट जास्त झाली तर टाच वाया जाते. कमी झाली तर बटण घासतं आणि गिअर आपोआप पडतो, मग तुम्ही रस्त्यावर. मी मंडीदीपच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. दिवसभर दुसऱ्यांनी बनवलेल्या भागांची मापं काढते. त्यामुळे या कामाचा मला कधी कंटाळा आला नाही.

आणि या कामात मला सोबत असायची बाबांची. बाबा नागपूरहून इथे आले ते नोकरीसाठीच. बरखेड्यातल्या त्या मोठ्या सरकारी कारखान्यात गिअर कापण्याच्या विभागात त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडलं आणि अवधपुरीत घर बांधलं, तर घराच्या आधी मागच्या अंगणात शेड बांधली आणि त्यात लिलावात घेतलेला एक जुना लेथ बसवला. रविवारी मी हब उघडून बसले की ते खुर्ची ओढून शेजारी बसत. एकचाकी त्यांना पसंत नव्हती, पण हब फार पसंत होता. “दाते बघ काय कापलेत,” असं म्हणून ते चष्मा कपाळावर ढकलायचे. लहानपणापासून त्यांनी मला जवळ बसवून जे काही शिकवलं ते सगळं असंच शिकवलं, वस्तू उघडून. आमच्या घरात कुणी कुणाला ‘माझा जीव आहे तुझ्यावर’ असं म्हणत नाही. ‘बेअरिंगला आवाज येतोय, बघून देतो,’ असं म्हणतात. मला ते पुरत होतं.

गेल्या पावसाळ्यानंतर मी भोजपूरच्या रस्त्यावर पडले. ग्यारह मील नावाच्या नाक्याच्या पुढे रस्ता नवा झाला होता, वारा पाठीमागून होता. मी बटण ठोकलं आणि त्याच वेळी मागून ट्रकने हॉर्न दिला. अंग ताठ झालं. मनगटाच्या हाडाला चीर गेली, हनुवटीला टाके पडले. घरी आले तेव्हा आईने हनुवटी बघून देवाचं नाव घेतलं. बाबांनी चष्मा लावला आणि आधी हब बघितला, मग मला. याचा मला राग आला नाही, उलट हसू आलं. आमचं असंच आहे, असं वाटलं.

हात प्लास्टरमध्ये होता तेव्हा बाबाच म्हणाले, “ग्रीस बदलायला झालं असेल. तुझा हात बरा होईपर्यंत मी करून ठेवतो.” मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! ज्या वस्तूला ते ‘ते तुझं खूळ’ म्हणत, तिला ते आपणहून हात लावत होते. मी खुर्ची ओढून शेजारी बसले, या वेळी जागा बदलून. कुठलं ग्रीस, किती, कुठला स्क्रू आधी, हे सांगत बसले. ते मान डोलवत होते. शेवटची जुळवाजुळव त्यांनी मी दवाखान्यात गेले असताना केली. परत आले तेव्हा चाक शेडच्या भिंतीला टेकवलेलं होतं आणि नव्यासारखं चमकत होतं. मी त्यांना म्हटलं, “बाबा, क्वालिटी पास.” ते फडक्याला हात पुसत राहिले.

प्लास्टर निघालं आणि मी पुन्हा चालवायला लागले. खालचा गिअर अगदी झकास. कॉलनीच्या मागच्या सपाट रस्त्यावर वेग घेतला, अंग सैल सोडलं, उजवं बटण ठोकलं. काही झालं नाही. पुन्हा ठोकलं. नुसता टाचेला ठणका. घरी येऊन चाक उलटं धरलं आणि अंगठ्याने बटण दाबलं, तर टक् करून गिअर पडला. पुन्हा पुन्हा पडला. फट तपासली, कागद बरोबर सरकत होता. बटण काढून आत बघावं असं मनातसुद्धा आलं नाही. आमच्या घरात एकाने बसवलेलं दुसऱ्याने उघडायचं नाही, असा नियम आहे. उघडलं तर त्याच्या हातावर शंका घेतल्यासारखं होतं. आणि बाबांच्या हातावर शंका मी कशी घेणार?

यंत्रात दोष नाही, म्हणजे दोष माझ्यात. क्वालिटीवाली बाई दुसरं काय म्हणणार? मी टाचेचे व्यायाम सुरू केले. कडक टाचेचे बूट आणले. आरशासमोर उभं राहून पाय कुठल्या कोनात वळतो ते बघितलं. हाताने वरचा गिअर टाकून चढायचाही प्रयत्न केला, पण एवढ्या मोठ्या चाकावर वरच्या गिअरमध्ये चढणं म्हणजे भिंतीवर चढणं. रोज सकाळी जायची, रोज ठोकायची आणि रोज खालच्या गिअरवर गरागरा पाय फिरवत परत यायची. टपरीवरचे तेच, “दीदी, दूसरा पहिया?” पूर्वी मी ते कानाआड करायची. आता लागायला लागलं.

जानेवारीअखेर इथले सायकलवाले मिळून चाळीस-पन्नास किलोमीटरवरच्या सांचीला जातात आणि ऊन चढायच्या आत पोचतात. मी त्यात एकटी एकचाकीवाली. त्या वर्षी पहिल्यांदाच त्यांनी मला ‘जमेल का?’ असं न विचारता नाव घालायला सांगितलं होतं. खालच्या गिअरवर त्यांच्याबरोबर राहणं शक्यच नव्हतं. मी फोन केला आणि नाव काढायला सांगितलं. ज्याने फोन घेतला तो म्हणाला, “कोई बात नहीं दीदी, उम्र का तकाज़ा है.” मी त्याला धन्यवाद दिले. धन्यवाद! आज आठवलं तरी तळपायाची आग मस्तकात जाते.

त्या दिवशी जेवताना मी आईबाबांना सांगितलं की सांचीला जात नाहीये. “पडल्यापासून भीती बसलीये बहुतेक,” मी म्हटलं. “टाच लागतच नाही. माझं वय झालं.” बोलता बोलता माझा आवाज कापला, तो दोघांनीही ऐकला. आई वाढता वाढता थांबली. बाबांनी आमटीत भात कालवला आणि खाली बघून म्हणाले, “होतं असं. एका गिअरवरही छान चालवतेस की.”

हे वाक्य लक्षात ठेवा.

एकाच गिअरवर चालवायचं तर एवढा महागामोलाचा हब ठेवून काय करायचं? मी विकायचं ठरवलं. पुण्यात एक घेणारा मिळाला. तो माहीतगार होता. म्हणाला, बटणं काढून आतला फोटो पाठवा, गंज आहे का बघतो. मी शेडमध्ये जाऊन उजव्या बटणाचा स्क्रू काढला, बटण उचललं, आणि आत एक काळी रिंग दिसली.

ती हबची नव्हती. हबचा एकेक भाग मला पाठ आहे. कडक रबराची, पातळ, दोन्ही कडा मऊ घासलेली, भोकात अशी बेमालूम बसवलेली की बाहेरची फट जराही बदलू नये. अंगठ्याने रेटून दाबलं की ती दबायची आणि गिअर पडायचा. टाचेचा ठोका मात्र ती गिळून टाकायची. टाचेचा ठोका किती, अंगठ्याचा जोर किती, मी फट कशाने तपासणार, कुठवर तपासणार आणि कुठे थांबणार, हे सगळं त्या माणसाने हिशेबात धरलं होतं. काम इतकं सुरेख होतं की क्षणभर मी नुसती बघत राहिले. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

आणि मला ती रिंग ओळखीची होती. आकाराने नव्हे, जातीने.

आमच्या वेळच्या बरखेड्यात एक रीत होती. मुलगी कॉलेजला गेली की तिला मोपेड मिळायची, कारण कॉलेज लांब होतं आणि वडील पुढारलेले होते. आणि मोपेड घरी आली की पहिल्याच रविवारी वडील तिचा कार्बोरेटर उघडून आत एक वॉशर बसवायचे. मग मूठ कितीही पिळा, गाडी तिसाच्या वर जायची नाही. कारखान्यातले हे बाप एकमेकांना ते वॉशर कुठल्या जाडीचं घालायचं ते सांगायचे, जशा बायका लोणच्याचं प्रमाण सांगतात. मुलींना कुणी काही सांगायचं नाही. आम्हाला वाटायचं, मोपेडी अशाच असतात. मुलांच्या मोटारसायकलींना वॉशर नसायचं.

माझी मोपेड आधी नीट पळायची, हे सांगायलाच हवं. बाबा त्या बाबतीत जरा ढिले होते. मग दादाने, माझ्या मोठ्या भावाने, पिपलानीच्या वळणावर मोटारसायकल भरधाव नेऊन खांबावर घातली. मांडीचं हाड मोडलं. तो आजही थंडीत जरा लंगडतो. आणि तो दवाखान्यातून घरी आला त्याच आठवड्यात बाबांनी हातात पाने घेतले आणि माझ्या मोपेडला वॉशर बसवलं. पाय मोडला दादाचा आणि वॉशर लागलं मला. दादाची मोटारसायकल दुरुस्त होऊन आली ती होती तशीच, पूर्ण वेगाची. गाडी जुनी होऊन मंदावली, असं मला वाटलं. खरं काय ते पुढे कितीतरी दिवसांनी कळलं, गाडी दुरुस्तीला टाकली तेव्हा. मेकॅनिक म्हणाला, “इसमें तो छल्ला डला है.” मी म्हटलं, काढा. तर तो म्हणतो, “साहब से पूछ के आओ.”

गाडी माझी, कॉलेज माझं, हात माझा मुठीवर, आणि पूछना साहब से!

रिंग मुठीत घेऊन मी घरात गेले. दोघं जेवायला बसली होती. मी ती बाबांच्या ताटाशेजारी ठेवली आणि विचारलं, “हे काय आहे?”

बाबांनी चष्मा लावला. खरं तर गरज नव्हती. “रबर आहे.”

“कुठून आलं?”

“कन्व्हेयरच्या पट्ट्याचा तुकडा होता शेडमध्ये. साधं रबर टिकलं नसतं.” ते माहिती देत होते! जणू मी साहित्य विचारायला आले होते.

“का लावलंत?”

“तू पडत होतीस.”

“मी पडते, बाबा. एकचाकीवर माणूस पडतोच. पडून उठून चालवते. तुम्ही कोण ठरवणार?”

“हबला मी काही धक्का लावलेला नाही,” ते म्हणाले. “एक ओरखडा दाखव.”

मला रडू फुटलं आणि ते रागाचं होतं. “दोन महिने मी स्वतःला म्हातारी समजतेय. या टेबलावर बसून मी सांगितलं तुम्हाला, माझं वय झालं म्हणून. तुम्ही ऐकलंत आणि मूग गिळून भात कालवलात. तेव्हा तरी बोलायचं होतं!”

बाबांनी ताट जरा बाजूला सरकवलं. मग म्हणाले, “त्याचं वाईट वाटलं मला. पण तू रोज धड घरी येत होतीस.” आणि पुढे म्हणाले, “सांगून लावायला हवं होतं. ते चुकलं.”

“सांगून नाही. विचारून.”

“विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?”

“नाही.”

“मग?”

त्यांचा तो ‘मग’ अगदी प्रामाणिक होता. त्यांना खरंच कळत नव्हतं. आयुष्यभर हजारो दाते कापलेल्या, एक केसभर चूक न चालणाऱ्या माणसाला एवढं साधं गणित सुटत नव्हतं आणि मला ते त्यांना कुठल्या भाषेत सांगावं ते समजेना. बाबांना मी माझ्या चांगल्याची काळजी करणारा माणूस समजत होते. तसे ते आहेतच. त्याचाच तर संताप येतो. दुष्ट माणसाशी भांडता येतं, टपरीवरच्याला दोन शब्द सुनावता येतात. रबराच्या कडा मऊ घासून घेणाऱ्या माणसाचं काय करायचं?

तेव्हा आई बोलली. आई आमच्या घरात यंत्रांबद्दल कधी बोलत नाही. ती पोळीवर तूप लावत होती आणि हात न थांबवता म्हणाली, “हिच्या गाडीला वॉशर तरी लागलं. मला कधी गाडीच मिळाली नाही, म्हणून लावायचा प्रश्न आला नाही.”

“तू कधी मागितलीस?” बाबा चकित होऊन म्हणाले.

“तुम्ही कधी विचारलंत?”

बाबांनी रिंग उचलली, अंगठ्यावर घेऊन बघितली आणि म्हणाले, “चाक आण. मी नीट बसवून देतो.”

“नको,” मी म्हटलं. “मी बसवते.” बाबांचा चेहरा पडला. पडू दे, म्हटलं मी मनात. आईने त्यांच्या हातातून ती रिंग घेतली आणि पदराच्या गाठीत बांधली. का, ते तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी निघाले. टपरीवरून “दीदी!” ऐकू आलं, पुढचं ऐकायला मी थांबले नाही. ग्यारह मीलपर्यंत खालच्या गिअरवर गेले, कारण हिंमत होत नव्हती. रिंग काढली होती, पण दोन महिने ‘तुझ्यात दोष आहे’ असं मी स्वतःला सांगितलं होतं, ते कुठून काढणार? भोजपूरच्या फाट्यानंतर रस्ता सपाट झाला. मी अंग सैल सोडलं आणि ठोकलं. पायाखालची पायरी गेली. मग ती सापडली. चाक असं पुढे ओढलं गेलं की माझ्या तोंडून आरोळी निघाली आणि शेतातल्या एका म्हशीने मान वर केली. मी भोजपूरच्या अलीकडे उतरलेच नाही. सांचीवाल्याला तिथूनच फोन केला आणि नाव परत घालायला सांगितलं. तो काही म्हणायच्या आत मी म्हटलं, “उम्र की बात मत करना.”

घरी आले तर बाबा गेटपाशी उभे होते. बहुधा बराच वेळ. त्यांनी आधी माझी हनुवटी बघितली, मग मनगट, मग गुडघे. हबकडे बघितलंच नाही. मी चाक आत घेतलं. आम्ही अजूनही पूर्वीसारखे बोलत नाही. रविवारी मी हब उघडून बसते तेव्हा ते खुर्ची घेऊन येतात, पण आधी दारात थांबून विचारतात, “बसू का?” एवढं त्यांना शिकायला पंचेचाळीस वर्षं का लागावीत, हे मला विचारू नका. मी बसा म्हणते.

सांचीला मी गेले. त्यानंतरच्या रविवारी दादा आपल्या मुलीला घेऊन घरी आला. भाचीला कॉलेजसाठी नवी स्कूटी घेतली होती, ती दाखवायला. पोरगी गेटबाहेर हेल्मेटचा पट्टा जुळवत होती. दादा जरा लंगडत आत आला, स्कूटीची किल्ली टेबलावर टाकून खुर्चीत बसला आणि हसत हसत म्हणाला, “बाबा, हिच्या गाडीला तुमचं ते काम करून द्या ना यार. आजकालच्या मुली फार जोरात चालवतात.”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. ते काय करतात, ते मला बघायचंच होतं. बाबा खुर्चीत चुळबुळले, उठल्यासारखे झाले आणि पुन्हा बसले.

आई स्वयंपाकघरातून आली. तिने पदराची गाठ सोडली, ती काळी रिंग काढली आणि दादाच्या तळहातावर ठेवली.

“घे,” ती म्हणाली. “आधी तुझ्या गाडीला बसवू. पाय तुझा मोडला होता.”

दादा हसायला लागला आणि मग कुणीच हसत नाही म्हटल्यावर थांबला. त्याने बाबांकडे बघितलं. बाबांनी टेबलावर पडलेली स्कूटीची किल्ली उचलली, गेटपर्यंत गेले आणि भाचीच्या हातात दिली.